रिकामा चिमटा

तिसरीच्या बाईंचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. दुपारी तपासणीला साहेब येणार होते आणि वर्गाची मागची भिंत अजून मोकळीच होती. 'प्रवास: पूर्वी आणि आता' हा धडा बाई दरवर्षी एकाच पद्धतीने शिकवायच्या. प्रत्येक मुलाला एक दोरी, मूठभर कपड्यांचे चिमटे आणि चित्रांचा गठ्ठा. जुनं डावीकडे, नवं उजवीकडे. सुरुवातीला पायी चालणारा माणूस, शेवटी विमान. यात चुकण्यासारखं काय आहे, असं बाईंना वाटायचं, आणि तरी दरवर्षी कुणीतरी विमानामागे बैलगाडी जोडायचंच.

यंदा तो मान लेटलतीफचा. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. पोरगी हल्ली रोज उशिरा यायची, घामाघूम होऊन, आणि बाईंच्या नियमाप्रमाणे पहिला तास दाराशी उभी राहायची. एकदा गमतीने म्हटलेलं नाव वर्गाने उचलून धरलं होतं.

तिच्या दोरीवर विमान नव्हतं, आगगाडी नव्हती. आधी टेम्पो, मग स्कूटर, मग सायकल, मग पायी चालणारा माणूस. त्याच्यापुढे एक रिकामा चिमटा. बाईंचं पित्त खवळलं. साहेब यायची वेळ झालेली आणि हिने सगळं उफराटं करून ठेवलेलं. शिकवताना कान कुठे गहाण ठेवले होतेस, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. मुलं खी खी हसली.

"जुनंच आधी लावलंय बाई," पोरगी म्हणाली. "आधी बाबा टेम्पोने सोडायचे. ते आजारी पडले, मग टेम्पो विकला. मग आई स्कूटरवर सोडायची, तीपण विकली. मग सायकल होती. ती आता दादा कामाला नेतो. म्हणून मी चालत येते."

हसणं विरून गेलं. तिचं घर पुलापलीकडे, गिरणीच्याही पुढे, हे बाईंना माहीत होतं. माहीत असून त्यांनी तिला रोज दाराशी उभं केलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"आणि या चिमट्याचं चित्र हरवलं का गं?"

"नाही. गठ्ठ्यात तसलं चित्रच नव्हतं. सोमवारपासून आई कामावर जाणार. बाबांपाशी कुणीतरी हवं ना, मग मी घरीच." पाढे म्हणावेत तसं ती सांगत होती. मग तिने घाबरत विचारलं, "चुकलं का बाई?"

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं आणि ती दोरी भिंतीवर मधोमध टांगली. दुपारी साहेबांनी नेमकं त्या दोरीवरच बोट ठेवलं, ही उलटी लागलीय म्हणाले. बरोबरच लागलीय साहेब, एवढंच बाई म्हणाल्या. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बाईंनी ते बघितलंही नाही.

शाळा सुटल्यावर त्यांनी पोरीला आपल्या स्कूटरवर मागे बसवलं. तिच्या आईपुढे काय बोलायचं ते वाटेत ठरवू, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. पूल आला तरी काही सुचेना. आजारी माणसापाशी कोण बसेल, याचं उत्तर त्यांच्याकडे कुठे होतं?

मागून पोरीने त्यांचा खांदा धरला.

"बाई, शनिवारपर्यंत मी रोज वेळेवर येईन. नक्की."

बाईंनी स्कूटर हळू केली.