पाहुणीला शिक्षा नाही

लिगायाच्या डोक्यात तिडीक गेली ती पाण्याच्या बाटलीवरून. फिलिपिन्समधलं चांगलं चाललेलं कॉलेज सोडून ती सहा महिने मालुकूच्या या बेटावर आली होती, निसर्गाला न ओरबाडता कसं जगायचं ते शिकायला. आणि जिच्या घरी तिची सोय केली होती ती तांते योसिना, म्हणजे योसिनामावशी, रोज सकाळी तिच्यापुढे प्लास्टिकची नवीकोरी बाटली ठेवायची! घरातले बाकी सगळे झऱ्याचं पाणी उकळून प्यायचे.

"तांते, मलाही तेच द्या ना."

"छे, छे! तुम्ही पाहुण्या, नोना. उद्या पोट बिघडलं तर तुमचे कॉलेजवाले माझं डोकं खातील."

घरच्यांना सागोच्या झाडाच्या पिठाची गरम खळ आणि मासळीचा रस्सा, हिच्यासाठी मात्र जहाजातून आलेला तांदूळ वेगळा शिजायचा. भांडं घासायला घेतलं की कोणीतरी हातातून हिसकावून घ्यायचं. जायफळं वेचायला निघाली की "ऊन लागेल, नोना", जणू कोणी बाईसाहेबच. पाहुणचार कसला, नजरकैदच ती! पलंगाखाली रिकाम्या बाटल्यांचा ढीग साठला होता. परतायला जेमतेम तीन आठवडे उरले होते आणि या घराची ती अजून कोणीच नव्हती.

समुद्रात डुंबायचीही सोय नव्हती, पण ती कोणालाच नव्हती. गावासमोरच्या पाण्यावर दोन वर्षं सासी लागलेली होती. सासी असेपर्यंत लोला शंखांना हात लावायचा नाही, ते वाढू द्यायचे, आणि राखणदारांनी सासी उघडली की अख्ख्या गावाने एकाच दिवशी पाण्यात उतरायचं. तो दिवस पंधरवड्यावर आला होता. बुडी मारण्यात तांते योसिनाचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं, त्यामुळे ती दोन वर्षं याच दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

त्या सकाळी बाटली पाहिली आणि लिगाया दोन पोती उचलून तरातरा किनाऱ्यावर गेली. निदान कचरा तरी उचलू द्याल! वादळाने बरंच काय काय आणून टाकलं होतं. रागाच्या भरात दिसेल ते तिने पोत्यात कोंबलं. टोकाच्या खडकात एक वाकडी काठी होती, तिच्यावर वाळकी झावळी, तुटकं जाळं आणि पिशव्यांच्या चिंध्या. तीही उपटली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या बेटावरच्या होड्या सासीत घुसल्या. राखणदारांचे म्होरके बापा मेलकी धावत पोचले, तोवर उत्तरेकडचे शंख, कोवळेसुद्धा, होड्यांत जाऊन पडले होते.

"बापा, खूण असती तर आम्ही आलो असतो का?" होडीवाले म्हणाले. "टोकावरची काठी कुठाय?"

काठीचं नाव स्वयंपाकघरात पोचलं आणि लिगायाच्या तोंडचं पाणी पळालं. या बयेने सासीवर निबंध लिहिला होता, त्यात हिरव्यागार झावळीची खूण काढली होती. झावळी वाळते, एवढं मात्र डोक्यात आलं नाही.

चावडीवर सगळं गाव जमलं. ती उभी राहून सरळ म्हणाली, "काठी मी उपटली. कचरा वाटला. काय शिक्षा असेल ती मला द्या."

"पाहुणीला शिक्षा नाही, नोना," बापा मेलकी म्हणाले. "बसा तुम्ही. अरे, खुर्ची द्या यांना."

खुर्ची! त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

बापा मेलकी तांतेकडे वळले. "योसिना, तुला रीत ठाऊक आहे. ही पाहुणी असेल तर विषय संपला. घरातली असेल तर घराने भोगायचं. सासी उघडेल त्या दिवशी तुमच्यातलं कोणी पाण्यात उतरणार नाही. बोल, कोण ही?"

"पाहुणी!" लिगाया किंचाळली. "पाहुणीच आहे मी, कोणालाही विचारा!"

"तू गप्प बस!" तांते कडाडली. "पाहुणी म्हटलं की मी सुटले, ही सुटली, आणि नुकसान कोणाच्या माथी? समुद्राच्या? पोरगी आहे माझी. अकलेने अर्धी, पण माझी."

लिगायाला रडू फुटलं, तेही संतापाने. सहा महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते मिळालं, आणि ते असं मिळालं की घेववेना.

सासी उघडली त्या दिवशी ढोल वाजले, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट गाव पाण्यात धावलं. "योसिना, यंदा कपडे कोरडेच का गं?" कोणीतरी टोमणा मारला. तांते वाळूत पाय पसरून बसली होती. नजर पाण्यावर, जबडा आवळलेला.

"तांते, पाहुणी म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"तोंड उघडू नकोस. इतकी चिडलेय तुझ्यावर, आठ दिवस बोलणार नाही मी तुझ्याशी."

"पण मी तर चार दिवसांनी चालले."

"मग उरलेले चार पुढच्या खेपेला," तांते म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.