खांब आले म्हणून

जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या उतारावरच्या वस्तीत कौशल्याबाईचं घर. वस्तीतल्या इतर घरांसारखं तिच्याही पत्र्यावर सरकारी योजनेतलं सोलर होतं. त्यावर बल्ब, पंखा आणि तिच्या नवऱ्याची, अर्जुनरावांची वाफेची मशीन चालायची. नवऱ्याला जुना दमा. मशीन नव्हती तेव्हा धाप लागली की त्याला बाजेवर घालून घाट उतरवावा लागे. एकदा वाटेतच त्याचे ओठ निळे पडले होते. ते तोंड कौशल्याबाई विसरली नव्हती.

यंदा उन्हाळ्यात वस्तीत विजेचे खांब रोवले गेले. तारा काही आल्या नाहीत. आणि एका सकाळी ठेकेदाराची गाडी आली, सोबत प्रज्वल नावाचा शेगावकडचा तरुण इंजिनिअर.

"मावशी, तुमच्याकडे लाइन आली. आता सोलर काढून न्यावं लागेल."

"कुठं आली लाइन?"

"रेकॉर्डवर आली आहे."

"मंग रेकॉर्डवरचं सोलर घेऊन जा."

ठेकेदाराची माणसं हसली, पण पाने-पकडी घेऊन पुढेही सरकली. कौशल्याबाईनं पदर खोचला, बांबूच्या शिडीनं पत्र्यावर चढली आणि शिडी वर ओढून घेतली. पत्रा तापायला लागला होता. ती पॅनलला पाठ लावून बसली.

"पोलिसांना बोलवावं लागेल मावशी."

"बोलवा. त्यायले म्हना, त्या खांबावर बल्ब लावून पाहा. पेटला तं मीच खोलून देतो."

प्रज्वलनं खांबाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वरच्या वस्तीत अजून काहीच नाही. हे सोलर त्यांनाच द्यायचं आहे. त्यांचा तरी विचार करा."

हे मात्र तिला लागलं. खाली बाजेवर बसलेले अर्जुनराव म्हणाले, "अवं, देऊन टाक. मी काढतो दिवस."

"तुमी गप बसा," ती म्हणाली. मग प्रज्वलकडे वळली. "त्यायचाच विचार करून राह्यली मी. आज माहं काढून त्यायले द्यान, उद्या त्यायच्या दारात खांब रोवून त्यायचंही काढान."

तोवर शेजारची अन्नपूर्णाबाईही आपल्या पत्र्यावर चढली होती. तिच्या पलीकडे आणखी एक. दुपारपर्यंत माणसं थांबली आणि बंदोबस्त घेऊन येतो म्हणत निघून गेली.

कौशल्याबाई बंदोबस्ताची वाट पाहत बसली नाही. दुसऱ्या दिवशी डोंगर चढून वरच्या वस्तीतल्या मनकर्णाबाईकडे गेली. मनकर्णाबाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. "आमाले भेटनार होतं, तू आडवी आली," ती म्हणाली. "तुह्या घरी पंखा हाय, म्हून बोलनं सुचते."

"हाव, हाय. अंधारात राहनं काय असते ते म्हूनच सांगू शकतो. पन माहं उतरवलेलं काऊन घेतं? आपलं नवं माग. मी येतो संग."

 मनकर्णाबाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

सोमवारी दोन्ही वस्त्यांच्या बाया जीपगाडीत दाटीवाटीनं बसून जळगाव जामोदच्या वीज ऑफिसात धडकल्या. तिथले साहेब म्हणाले, "दोन्ही सोयी एकदम कशा मिळतील?"

"एक तरी असू द्या ना," कौशल्याबाई म्हणाली. "तारा ओढा, करंट सोडा, मंग या."

"बघतो. घरी जा."

"बसतो आमी."

आणि बसल्या. व्हरांड्यात शिदोऱ्या सुटल्या, ठेच्याच्या वासानं कारकून बाहेर डोकावू लागले. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा साहेबांनी ठेकेदाराला आणि प्रज्वलला बोलावलं. तारा आहेत का, असं प्रज्वलला सगळ्यांसमोर विचारलं. त्यानं ठेकेदाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाहीत सर," तो म्हणाला.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. घरात करंट येईपर्यंत सोलर कोणी काढायचं नाही, असं ठरलं. वरच्या वस्तीची मागणी मंजुरीसाठी जिल्ह्याला पाठवतो, असं साहेब म्हणाले.

"कधी येईन मंजुरी?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"सांगता येत नाही."

"मंग आमी येत्या सोमवारी येतो पुसाले."

साहेबांना वाटलं, बोलायची पद्धत आहे. सोमवारी जीपगाडीत जागा पुरली नाही. मागे लोंबकळत पुरुषही आले होते.