डाव्या चाकाची रेघ

दोन फेऱ्यांच्या मधे न कापलेल्या गवताची एक रेघ राहू लागली होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती बोटभर रुंद होती. उन्हाळा सरत येईपर्यंत चार बोटं झाली. मैदानाच्या पायऱ्यांवर उभं राहून पाहिलं की त्या रेघा एकात एक ठेवलेल्या कड्यांसारख्या दिसायच्या.

बाबांची गवत कापायची पद्धत त्यांची स्वतःची होती. बाकीचे लोक मशीन घेऊन या टोकाकडून त्या टोकाला जातात आणि परत येतात. बाबा मैदानाच्या मध्यावर सुरू करायचे आणि डावीकडे वळत वळत बाहेर येत जायचे. डावं चाक आधी कापलेल्या गवतावर ठेवायचं, एवढा एकच नियम. "नजर डाव्या चाकावर ठेवा, बाकी मशीन आपोआप जातं," असं ते सांगायचे. क्लबच्या मैदानावरच्या नोकरीतून निवृत्त झाले तरी त्यांनी मैदान सोडलं नव्हतं. मशीन त्यांचं स्वतःचं, पेट्रोल क्लबचं आणि मेहनत हौसेची.

तेव्हा रेघ राहते याचा अर्थ मला एकच लागत होता. ते डाव्या चाकाकडे बघत होते आणि ते चाक त्यांना दिसत नव्हतं.

खेळायला येणारी पोरं चेष्टा करायची. "काका, न्हाव्याला मधेच शिंक आली वाटतं!" बाबा हसून म्हणायचे, "नवी फॅशन आहे रे, तुम्हाला काय कळणार!"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत होता, डावीकडची नजर बरीचशी गेलेली होती आणि गेलेली परत येणार नव्हती. तपासणीत एका यंत्रात डोकं घालून, ठिपका चमकला की बटण दाबायचं होतं. बाबांनी ठिपके दिसोत न दिसोत, ठेक्यात बटण दाबलं. बाहेर येऊन म्हणाले, "एकही सोडला नाही." डॉक्टरांनी ती तपासणी रद्द करून पुन्हा घेतली.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तपासणीतून निघालेला नजरेचा नकाशा वाचायला मला फार समजावून द्यावं लागलं नाही. या आजारात माणसाला काळा डाग दिसत नाही. जिथे काही दिसत नाही ती जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. गवताच्या मैदानात तो ती गवतानेच भरणार.

हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं," आणि कपडे घड्या करत राहिली.

मैदानाच्या एका कोपऱ्यात जुन्या गोलपोस्टचा लोखंडी खुंट आहे. जमिनीच्या वर जेमतेम वीतभर. तो खुंट बाबांनीच कापून तेवढा ठेवला होता, आणि तिथे आलं की ते मशीन उचलून बाजूने काढायचे. इतकी वर्षं काढलं. त्या दिवशी नाही काढलं. मी पायऱ्यांवर होते. आवाज कोणी पत्र्यावर घण घालावा तसा झाला. मशीन जागेवर उडी मारून बंद पडलं आणि बाबा दांड्याला धरून उभे राहिले. आई नेहमीसारखी बाकावर बसली होती, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. पात्याचा एक तुकडा तिच्या शेजारच्या फळीत रुतला होता. बाकाच्या रिकाम्या बाजूला.

तिने तो ओढून काढला, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. बाबा जवळ येईपर्यंत ती उठून उभी होती.

"लागलं का तुम्हाला?" तिने त्यांनाच विचारलं.

मिस्त्रीकाका बाबांचे जुने दोस्त. त्यांच्या वर्कशॉपमध्ये मशीन बाकड्यावर आडवं केलं. काकांनी प्लग काढला, पातं ज्यावर बसतं त्या शाफ्टच्या टोकाजवळ एक खिळा धरला आणि पातं हाताने सावकाश फिरवलं. खिळा आणि शाफ्ट यांच्यातली फट मोठी होत गेली, मग लहान, मग पुन्हा मोठी. आणखी काही तपासायची गरज नव्हती.

"वाकलाय," काका म्हणाले. "खालचा पत्राही तडकलाय. तू तो खुंट विसरलास कसा रे? तुझ्याच हातचा ना तो?"

"गवत वाढलं होतं तिथे," बाबा म्हणाले.

तिथलं गवत वाढलेलं नव्हतं.

"मग काय करायचं? नवीन घेतोस की हेच उभं करू? शाफ्ट मिळवावा लागेल, पण होईल."

"अरे, नवीन कशाला? याला माझी सवय आहे."

"तुझी सवय आम्हालाही आहे, म्हणून काय आम्ही नीट चालतो?" काका म्हणाले आणि दोघं हसले. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांना विचारून झाल्यावर मलाही विचारायची त्यांची पद्धत होती. "काय ग पोरी, काय करू?"

"सांगते," मी म्हणाले.

ते मी पुढे बरेचदा म्हणाले. काका रस्त्यात भेटले की विचारायचे, मी "बघू" म्हणायचे. बाबा रोज सकाळी वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचे, आजारी माणसाजवळ बसावं तसे. मैदानावर गवत घोट्याच्या वर गेलं. पोरांनी खेळायला दुसरी जागा शोधली.

दादाचा फोन आला. तो लांब राहतो आणि लांबून सगळं सोपं दिसतं. "बॅटरीवालं नवीन घेऊन देतो मी त्यांना. हलकं असतं, आवाज नाही, वास नाही."

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बॅटरीवालं? अरे, ते गवताला गुदगुल्या करतं नुसतं! तू तुझी दाढी कर त्याने."

दादा खूप हसला. मग मी आत जाऊन त्याला डोळ्यांचं पुन्हा सांगितलं. "हो, पण तू आहेस ना तिथे," तो म्हणाला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आईला म्हणाले, "दुरुस्त केलं काय न् नवीन आणलं काय, चालवणार बाबाच."

"मग चालवू देत."

"आई, तो तुकडा तुझ्या शेजारीच रुतला होता. हातभर अंतर नव्हतं मधे."

"लागला का मला?"

"तिथे एखादं मूल असतं तर?"

तिने गॅस बारीक केला. "तू बघतेस ना हल्ली त्यांच्याकडे? खुर्चीत बसले की बसलेच. टीव्ही लावून देते, तर आवाजाकडे तोंड करून झोपतात. परवा म्हणाले, आज कोणता वार आहे ते कळायला काही साधनच उरलं नाही. तुला प्रयोगशाळा आहे, दादाला नोकरी आहे. यांना काय आहे? करून घे ते मशीन. घरात बसवलंस तर जातील ग ते."

ती चुकीचं बोलत नव्हती. मी मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून पाहायचे, आणि दोन्हीकडे शेवटी तेच यायचं: बाबा कमी होत जाणार. एकीकडे सावकाश, एकीकडे कोणाच्या तरी अंगावर. तिसरी बाजू मी खूप शोधली. खुंट उपटून टाकला तरी दगड उरतात, नळाची तोटी उरते, बसून बूट बांधणारं पोर उरतं. मैदान मोकळं करता येतं, पण डावी बाजू कुठून आणणार?

रविवारी सकाळी काकांचा निरोप आला. भंगारात निघालेल्या एका मशीनचा शाफ्ट मिळाला होता. तसल्याच मशीनचा, सरळ. पण तो आणखी एकाला हवा होता, त्यामुळे आज काय ते ठरवा. आम्ही तिघं गेलो. बाबांनी स्वच्छ शर्ट घातला होता.

काकांनी शाफ्ट फडक्याने पुसून बाबांच्या हातात दिला. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत तो तसा झाला नव्हता.

"बसव," ते म्हणाले. "परवापासून लागतो. शाळेच्या स्पर्धा आहेत तिथे, गवत बघून मास्तर रडकुंडीला आलाय."

"वहिनी, तुमचं काय म्हणणं?" काकांनी विचारलं.

"बसवा की," आई म्हणाली.

"आणि खुंट?"

"आता नाही लागायचा खुंट," बाबा म्हणाले. "आम्ही ठरवलंय दोघांनी. ही माझ्या डाव्या बाजूने चालणार, चाकाच्या जोडीने. काही दिसलं की सांगेल. मागच्या अंगणात करूनही बघितलं, ढकलगाडी घेऊन. ही म्हणते 'थांबा', मी थांबतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!"

हसले फक्त बाबा. आई पायांकडे बघत होती. तिच्या पायांत साध्या चपला होत्या. काकांनी बाबांकडे पाहिलं, मग बाबांच्या डोळ्यांकडे. बाबांची मान सरळ समोर होती आणि आई त्यांच्या डावीकडे उभी होती. ती तिथे आहे हे त्यांना तिच्या आवाजावरूनच कळत असणार. काकांनी हातातलं फडकं बाकड्यावर ठेवलं.

"पोरी?" ते म्हणाले. आवाज वेगळा होता.

आईने माझ्याकडे मान हलवली, नको म्हणून. अगदी थोडी. बाबांनी शाफ्ट छातीशी धरला होता आणि ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते, चेहऱ्यावर ते हसू तसंच ठेवून.

"शाफ्ट दुसऱ्याला द्या, काका," मी म्हणाले. "दुरुस्त नाही करायचं, नवीनही नाही घ्यायचं. बाबा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. तुम्ही आता गवत कापायचं नाही."