गोठलेली बाटली

"फ्रीजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. चुकून गोठलीच तर सरळ फेका आणि आमच्याकडून दुसरी न्या," डोळ्यांच्या दवाखान्यातली सिस्टर बजावत होती. सुनेचं अर्धं लक्ष कडेवरच्या लेकीकडे. "हो हो, कळलं," म्हणत तिने बाटली पर्समध्ये टाकली.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याला आतून सूज होती. त्यावर हे नवं औषध, रोज एकच थेंब.

आठवड्याने लेकीच्या खाण्याचे डबे फ्रीजमध्ये मावेनात, म्हणून सुनेने बाटली तेवढ्यापुरती फ्रीजरमध्ये सरकवली आणि विसरली. सकाळी बघते तर दगड! पुन्हा दवाखाना, पुन्हा रांग, कडेवर पोर... तिने बाटली मुठीत धरून वितळवली. औषध तर तेच ना! नवऱ्यालाही सांगितलं नाही.

महिन्याने सासूबाईंनी ओतलेला चहा कपाबाहेर गेला.

"हात कापतो गं हल्ली," त्या हसल्या.

पण हात स्थिर होता! तिला ती गोठलेली बाटली आठवली आणि ती सासूबाईंना घेऊन तडक दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. "सूज वाढलीय. बाटली गोठली होती का?"

सुनेने नजर खाली वळवली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं हो. वय झालं आता."

"नाही!" ती जवळजवळ ओरडलीच. "मीच ठेवली, मीच वितळवून घातली. आई, तुम्हाला माहीत होतं?"

"मुठीत धरून उभी होतीस ना, बघितलं मी. दिवसभर पळत असतेस, म्हटलं आणखी कशाला बोलू?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "या थेंबात औषध भरलेले अतिसूक्ष्म कण असतात. ते डोळ्यात शिरून औषध हळूहळू सोडतात. गोठले की त्यांचे गोळे होतात, मग औषध आत पोचत नाही. चूक कुणाचीही होते. त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर दोन मिनिटांत दुसरी बाटली दिली असती! आणि आजी, दिसत नाही हे लपवणं म्हणजे माया नव्हे."

इंजेक्शनने सूज उतरली. नजरेच्या कोपऱ्यात थोडं धुकं मात्र कायमचं राहिलं.

आता रोज सकाळी सून विचारते, "आई, डावा डोळा झाका. घड्याळात किती वाजले?"

"सव्वाआठ. आणि तुझं दूध उतू चाललंय."

ती हसते, पण ते धुकं तिच्या मनातून जात नाही. चूक झाली तर ती त्याच दिवशी कबूल करावी; लाजेपायी झाकलेल्या चुकीची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो. आणि तुमच्याही घरात "मला काही होत नाही" म्हणणारं कुणीतरी असेलच. हे वाचून झालं की उठा, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "खरं सांगा, नीट दिसतंय ना?"