वैशाखातले भेदरे

बायजाने नखाने देठ तोडला आणि भेदरा टोपलीत टाकला नाही, हळूच ठेवला. तेवढ्यावरून सासू-सुनेचं वाजलं.

"असे लेकरावानी एकेक निजवत बसली तर इथंच दिवस बुडीन," रुखमा कुंपणाजवळून म्हणाली. "अन ठेवून तरी करशीन काय? खाते कोन ते?"

"खाईन कोनीतरी."

"कोन पन?"

बायजाने पुढचं झाड धरलं. शहरात ज्याला टोमॅटो म्हणतात, तोच हा भेदरा. याचं बी तिने माहेराहून, नालवाडीहून, पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. माघात रोपं लावली, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा आधार दिला, ऊन तापू लागलं तसा वरून तुरीच्या तुऱ्हाट्यांचा मांडव घातला. वैशाखात सगळ्या गावात हिरवं पान दिसेना, तेव्हा हिच्या घरामागची वाडी अशी लगडली की पानं थोडी आणि भेदरे फार. बरं, पिकले तेही मेले सगळे एकदम! या फळाला धीर म्हणून नसतो. आज लाल, उद्या मऊ, परवा कोंबड्यांना.

रुखमाचा जीव त्यासाठीच तुटत होता. गावातल्या बाया काही आल्या नव्हत्या असं नाही. कुंपणाबाहेर उभ्या राहून त्यांनी भेदऱ्यांकडे डोळे भरून पाहिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "ठेव तिथं खाली, अन मागं सरक." गावाची रीतच तशी होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाने वस्तू भुईवर ठेवायची, मागे व्हायचं, मग घेणाऱ्याने ती उचलायची. रुखमाचा जन्म त्यात गेला. पण गेल्या दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली, आणि त्या दिवसापासून बायजाने मनाशी एक गाठ मारली होती. द्यायचं ते हातातून हातात, नाहीतर द्यायचंच नाही. तसं तिने त्या बायांना सांगितलं. बायांनी नाकं मुरडली आणि त्या रिकाम्या हाती परत गेल्या.

दुपार व्हायच्या आत तानबा आला. हा बापूराव पाटलांचा सालदार, तोंडाने गोड आणि मनाने भित्रा.

"बायजा, तुहं नशीब उघडलं," तो कुंपणावर हात ठेवून म्हणाला. "परवा आमच्या कांताताईचं लगन. वऱ्हाड येऊन राह्यलं, अन भाजीले बजारात काईच नाई. मालक म्हन्ते, सारेच्या सारे भेदरे घेतो. तू टोपल्या निंबाखाली ठेवून देजो. मी बंडी घेऊन येतो अन उचलतो."

"उचलता कायले, तानबाभाऊ? मी देतो न तुमच्या हातात."

तानबाने मान खाजवली.

"मले काई नाई वं. पन बंडीवर मालकाचा मानूस राह्यते. त्यानं पाह्यलं तर?"

"पाहू द्या."

"तू पन ना!" तानबा पुटपुटला. लाल टोपल्यांकडे एकदा बघून तो चालता झाला.

झालं! रुखमाचा पारा चढला.

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागनं म्हन्तात ते हेच! सारा माल जात होता, सारा! खाली ठेवला असता तर तुहं काय झिजत होतं वं?"

"मीच झिजलो असतो, मामीजी."

"अन आता?"

"उद्या तांबडं फुटाच्या आधी सिंदीच्या बजारात नेतो. डोक्स्यावर."

"जाता जाता ऊन चढीन न! भेदरे पोचतीन, तू पोचशीन का?"

 भीती बायजालाही वाटत होती. नवरा, प्रेमदास, सिंदीच्या कापसाच्या जिनात कामाला. तो आठवड्याने येणार. हाताशी बंडी नाही, बैल नाही. या उकाड्यात तळातले भेदरे दबून फुटतात हे तिला कोणी सांगायला नको होतं. पण म्हणून झाडावर तर सोडता येत नव्हते. तिने पदर खोचला आणि पुन्हा वाकली. पिवळट, कडक होते ते टोपलीच्या तळाशी, लाल होते ते वर, मधे कडुनिंबाचा पाला. एक ओळ झाली, दुसरी झाली. भेदऱ्याच्या पानांनी हात आधी हिरवे झाले, मग काळे, आणि तो उग्र वास नाकात जाऊन बसला. रुखमाही बडबडत बडबडत उठली आणि शेवटच्या ओळीला लागली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं ती सुनेला उद्देशून म्हणत होती, पण म्हणताना भेदरे मात्र हळूच ठेवत होती.

ऊन डोक्यावर आलं. कुत्रंसुद्धा सावली सोडेना, अशा वेळी मागच्या पांदीने, शेतांमधल्या अरुंद वाटेने, एक बाई आली. डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढलेला. जवळ आल्यावर कळलं, अन्नपूर्णाबाई, खुद्द पाटलीण. लग्नघरात ओरडून ओरडून आवाज बसलेला, चेहरा घामाने थबथबलेला. रुखमा सवयीनेच चार पावलं मागे सरली.

"काऊन वं बायजे, लग्नाचं घर अडवून धरतं?"

"अडवत नाई, बाई. हे सारे तुमचेच समजा. फक्त हातात घ्या."

"सोन्याचे हायेत का भेदरे?"

"आंबट हायेत का गोड, ते तर पाहा आधी."

बायजाने एक भेदरा निवडला, पदराला पुसला आणि हात पुढे केला. पाटलीणबाईंनी पांदीकडे पाहिलं. तिथे काळं कुत्रं नव्हतं. त्यांचा हात अर्ध्यावर आला, थबकला. परवा दारात पंगत बसायची होती आणि पानात वाढायला वरणाशिवाय काही नव्हतं. त्यांनी भेदरा घेतला. बायजाची काळी बोटं त्यांच्या तळव्याला लागली.

त्यांनी चावा घेतला. रस हनुवटीवरून मनगटाकडे ओघळला, तो त्यांनी चक्क ओठांनी टिपला. बाई तहानलेली होती, स्पष्ट दिसत होतं. पहिला संपला तसा त्यांनी दुसरा आपल्या हाताने टोपलीतून उचलला.

"रसाळ हाये बापा," त्या म्हणाल्या. "आमच्या गावहिरीत चिखल राह्यला निस्ता. दोन कोसावरून बंडीनं पानी आनून राह्यलो लग्नाले. तू या झाडायले कुठलं पाजतं?"

"ह्याच हिरीचं."

बायजाने हनुवटीने दाखवलं. वस्तीची विहीर वाडीला लागूनच होती. दिवाळीत खणायला घेतली, माघाआधी पाणी लागलं. तिचा मुरूम बायजाने स्वतः डोक्यावर वाहिला होता. गावच्या विहिरीवर कोणी वरून घागरीत ओतेल म्हणून ताटकळायचं नाही, यासाठी ती खणली होती. गावातल्या कोणी तिचा थेंब तोंडाला लावला नव्हता.

 पाटलीणबाईंच्या तोंडात घास होता आणि हातात अर्धा भेदरा. त्यांनी विहिरीकडे पाहिलं, मग भेदऱ्याकडे. आता ही बाई थुंकते, असं रुखमाला वाटलं, आणि बायजालाही वाटलं.

अन्नपूर्णाबाईंनी घास गिळला. उरलेला अर्धा तोंडात टाकला.

"मंग मले काऊन नाई पाजत?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "भेदऱ्याइनं का तहान जाते?"

बायजाने धावत जाऊन बादली सोडली. भरलेली बादली वर आली, तिने लोटा बुडवला. मागे वळून पाहते तर पाटलीणबाई गुडघ्यात वाकून तोंडापाशी ओंजळ धरून उभ्या. भांड्याला हात लागायला नको, म्हणून असेल. किंवा नुसती रीत असेल. वस्तीतल्या माणसांना पाटलांच्या दारात असंच पाणी मिळत आलं होतं, आणि वरून ओतणारा हात पाटलीणबाईंचाच असायचा.

खोटं कशाला बोला, बायजाला ते बघून बरं वाटलं. फार बरं वाटलं. तिने लोटा वर उचलला.

मागून रुखमा आली. सकाळपासून घाबरून कडेकडेने वावरलेली ती म्हातारी थेट दोघींच्या मधे येऊन उभी राहिली आणि तिने सुनेचं मनगट धरलं.

"वरून नको वतू. लोटा हातात दे त्याइच्या."

बायजाने सासूकडे पाहिलं आणि लोटा खाली आणून पुढे केला. पाटलीणबाईंची ओंजळ तशीच.

"घ्या, पाटलीनबाई," रुखमा खाली मान घालून म्हणाली. "ओंजळीनं अर्धं पानी सांडते. म्या जनमभर पेलं तसं, मले ठावं हाये."