डाव्या हातचा रुमाल

अंबूताईंच्या क्रोशाच्या वर्गात दीपश्रीचा गोल दर वेळी वाटीसारखा वर यायचा. कमरीपेठेत शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत शनिवारी दुपारी बाराजणी जमायच्या. दत्तजयंतीला देवळातल्या आरतीच्या तबकांखाली घालायला प्रत्येकीनं एक सपाट गोल रुमाल विणायचा होता. पहिल्या फेरीत बारा खांब, म्हणजे उभे टाके, दुसरीत प्रत्येक खांबावर दोन म्हणजे चोवीस, तिसरीत एकाआड एक दोन म्हणजे छत्तीस. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की झालर. दीपश्रीला हे सगळं पाठ होतं. पण ती डावखुरी होती आणि सुई उजव्या हातात होती. हात अवघडायचा, मोजणी चुकायची.

कोप्पीकर रोडवर एका वकिलांकडे ती टायपिस्ट होती. शाळेत बाईंनी बोटांवर पट्ट्या मारून तिला उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. आता ती चौतीस वर्षांची होती. तिसऱ्या शनिवारी तिनं वाटी सरळ उसवली आणि सुई डाव्या हातात घेतली.

"बलगै, बलगै!" अंबूताई कन्नडात ओरडल्या. "उजवा हात गं! देवाचं काम आहे."

"उजव्या हातानं तीन शनिवार वाट्याच केल्या, अंबूताई."

"मग मला शिकवायला येणार नाही. माझा हात उजवा."

"शिकवू नका. मी बघून घेते."

तिनं आपली खुर्ची उचलली आणि अंबूताईंच्या बरोब्बर समोर नेऊन ठेवली. समोरून पाहिलं की त्यांचा उजवा हात आरशातल्यासारखा दिसायचा. तो जसा फिरेल तसा दीपश्री आपला डावा फिरवू लागली. बारा. चोवीस. छत्तीस. अंबूताईंनी रागानं हाताचा वेग वाढवला, पण दीपश्रीनं मान खाली घातली नाही.

दत्तजयंतीच्या आधीच्या शनिवारी बहुतेकींनी आपापले रुमाल टेबलावर ठेवले. दीपश्रीनंही आपला त्याच ढिगात सरकवला.

"तुझा काढून घे," अंबूताई म्हणाल्या.

"कुठला माझा, ओळखा की."

तिला वाटलं होतं, त्यांना ओळखता येणार नाही. पण पन्नास वर्षं सुई धरलेल्या अंबूताईंनी चौथ्याच रुमालावर बोट ठेवलं. "हा. ह्याचे खांब उलटीकडे कलतात."

दीपश्रीचे कान तापले. तेवढ्यात वर्गातली संगीता म्हणाली, "पण सगळ्यात सपाट तोच आहे की हो. माझा बघा, कडेला झालर."

अंबूताईंनी रुमालावरून तळवा फिरवला. मधोमध, कडेला, पुन्हा मधोमध. कुठंच उंचवटा लागला नाही. तरी त्यांनी तो बाजूला ठेवला. "काम चांगलंय. पण देवळात मी पाठवणार नाही."

"नका पाठवू," दीपश्री रुमाल उचलत म्हणाली. "माझ्या घरच्या दत्ताच्या समईखाली घालीन. त्याला चालेल की नाही, ते माझं मी बघून घेईन. आणि पुढच्या शनिवारी मी येणार. ह्याच हातानं विणणार. नको असेल तर आत्ता सगळ्यांसमोर सांगा."

अंबूताई उरलेले रुमाल मोजून पिशवीत भरू लागल्या.

पुढच्या शनिवारी दीपश्री आली आणि खुर्ची ओढून अंबूताईंसमोर बसली. वर्गात एक रेखा नावाची अबोल बाई होती. सहा महिन्यांत तिचा एकही गोल पुरा झाला नव्हता. ती उठली, खुर्ची घेऊन दीपश्रीच्या शेजारी आली आणि सुई डाव्या हातात धरून हळूच म्हणाली, "घरी भाजीसुद्धा मी ह्याच हातानं चिरते. दार लावून."

अंबूताईंनी दोघींकडे पाहिलं. मग चष्मा पुसून त्यांनी आपली खुर्ची थोडी उजेडाकडे वळवली, म्हणजे त्यांचा हात समोरून नीट दिसेल.

"पहिली फेरी," त्या म्हणाल्या. "बारा खांब. दोघींनी मोठ्यानं मोजा."