मधली सूचना

अमरसिंह बोलताना अडखळायचा. सिरसाळ्याच्या घरातून तो पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा, पण मीटिंगमध्ये सगळं टाइप करूनच सांगायचा. टीममधल्या बबितानं वर्षभरात त्याचा आवाज ऐकला नव्हता.

त्याचं काम लिंकरवर, म्हणजे कंपायलरनं तयार केलेले प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमवर. एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे वेगवेगळे धागे, चालतात आणि प्रत्येक थ्रेडची काही माहिती त्याच्यापुरती असते. ती कुठं ठेवलीय हे दर वेळी एका फंक्शनला विचारावं लागतं. अमरसिंहनं लिंकरला शिकवलं होतं की जागा आधीच ठाऊक असेल तर ते विचारणं पुसायचं आणि थेट पत्ता लिहायचा. प्रोग्रॅम चांगलेच पळायला लागले. मग त्यातला एक मध्येच बंद पडू लागला. ते बबिताच्याच लक्षात आलं.

ती तेव्हा सुट्टीला सिरसाळ्याजवळच्याच दिंद्रुडला घरी आली होती. अमरसिंहचा मेसेज आला, ‘माझा सगळा बदल काढून टाका.’

तिला ते पटेना. दुसऱ्या सकाळी ती स्कूटी घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

त्याची आई, छबुबाई, चहा घेऊन आली. “कु... कुठं प...” अमरसिंह अडला.

“कुठं पडतंय बंद, म्हणतोय त्यो,” आईनं वाक्य पुरं केलं. लहानपणापासून ती असंच करायची, मायेनंच. त्यानं मान खाली घातली.

“काकू, मला घाई न्हाई,” बबिता म्हणाली. “बोलू द्या त्याला.”

छबुबाई शेंगा फोडायला सूप घेऊन तिथंच टेकली.

दोघं लॅपटॉपवर बंद पडलेल्या प्रोग्रॅमची एकेक ओळ पाहत राहिले. एका ओळीवर अमरसिंहचं बोट थांबलं.

“पत्ता मागणाऱ्या दोन सूचना... ला... लागूनच असत्यात असं धरलं मी. हितं कंपायलरनं मधी तिसरीच घातलीय. माझा लिंकर तिच्यावरच लि... लिहितो.”

एवढं सांगायला त्याला बराच वेळ लागला. मध्ये कुणीही बोललं नाही.

“मग काय करायचं?” बबितानं विचारलं.

“जोडी लागून नसंल तर हातच लावायचा न्हाई. प्रोग्रॅमला फंक्शनकडं इ... इचारू दे. सावकाश चालंल.”

“चालू दे की. आणि बाकीचा बदल राहू दे. लई चांगलाय.”

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं.

जेवणाआधी दुरुस्ती झाली. बंद पडणारा प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालला. बबिता निघाली तेव्हा तो फाटकापर्यंत आला.

“बबिता, तू प... प...”

त्याला काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं. ओठांवर आलेलं उत्तर तिनं तसंच धरून ठेवलं. ओट्यावर छबुबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

“परत येशील?” त्यानंच वाक्य पुरं केलं.

“येते की. रविवारी,” बबिता म्हणाली आणि ओट्याकडं वळून हसली. “काकू, माझी बी भाकरी टाका बरं का.”